कंपनीत जावं की नाही: नीतीबद्दलची शंका तपासण्याची रीत

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ही शंका बहुतेकांना एकदा तरी गाठते. ऑफर हातात आलेली असते किंवा यायच्या बेतात असते, आणि मनात येतं की नफ्यामागे धावणाऱ्या लोकांत जाऊन बसलो तर आपलं काय होईल? भोवतालची माणसं यावर दोनच उत्तरं देतात. 'सगळेच करतात, एवढा विचार करायचा नसतो,' हे एक. 'धंदा म्हटला की लबाडी आलीच, तू दुसरं काहीतरी बघ,' हे दुसरं. दोन्हींमुळे समोरची नोकरी तपासण्याचे कष्ट तेवढे वाचतात.

'धंदा चांगला की वाईट' हा प्रश्न इतका ढोबळ आहे की त्याचं उत्तर सापडलं तरी कामावर गेल्यावर त्याचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा असं विचारा: या कंपनीत, या विभागात, या साहेबाच्या हाताखाली मला नेमकं काय करावं लागेल, आणि नाही म्हणायची वेळ आली तर मला ते परवडेल का? पुढची रीत एवढ्याचसाठी आहे. सगळं करायला दोन-तीन आठवडे लागतात. ऑफर स्वीकारायला चारच दिवस असतील तर पगाराच्या अटी वाचणं आणि नोकरी सोडून गेलेल्यांशी बोलणं, ही दोन कामं तरी टाळू नका.

शंका एका वाक्यात लिहा

'मला हे क्षेत्र बरोबर वाटत नाही' असं लिहून चालणार नाही. कोण, कोणाला, काय करतं हे त्या वाक्यात आलं पाहिजे. 'ही कंपनी लोकांना फेडता न येणारं कर्ज देते आणि ते मला विकावं लागेल' हे वाक्य चालेल. मग ते चारांपैकी कुठल्या खणात बसतं ते पाहा.

पहिला खण मालाचा. वस्तूच अशी की सांगितल्याप्रमाणे वापरली तरी अपाय करते, उदाहरणार्थ सिगारेट. इथे चौकशी करून काही बदलत नाही. मुलाखतीआधीच ठरवा आणि पटत नसेल तर अर्जच करू नका. दुसरा खण पद्धतीचा: माल ठीक आहे, पण विकताना, मोजताना किंवा हिशेब लिहिताना फसवणूक होते. हे कंपनीगणिक बदलतं, पुष्कळदा एकाच कंपनीत विभागागणिक बदलतं, त्यामुळे चौकशीचं चीज सर्वांत जास्त इथेच होतं. तिसरा खण वाट्याचा. नफा कोणाच्या खिशात जातो आणि त्याची झळ कोणाला बसते? कंत्राटी कामगाराला, छोट्या पुरवठादाराला, नदीला? इथे हो किंवा नाही असं उत्तर नसतं, कमी-जास्त असतं, म्हणून दोन ऑफर शेजारी ठेवून तुलना करावी लागते. चौथा खण स्वतःचा: पाच वर्षांनी मी कसा किंवा कशी झालेली असेन? त्यासाठी तिथे पाच वर्षं काढलेली माणसं पाहावी लागतात.

खण चुकला की निर्णय चुकतो. सर्वांत जास्त दिसणारी गल्लत म्हणजे शंका मालाबद्दलची असते आणि समाधान वातावरणाबद्दलचं करून घेतलं जातं. 'टीम फार चांगली आहे' हे खरं असतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं.

आणखी एक तपासणी, थोडी बोचरी. पगार दुप्पट झाला तर ही शंका विरते का? विरत असेल तर ती नीतीची नव्हती, पगाराबद्दलची नाराजी होती. मुलाखतीत नकार आला की जोर धरते का? मग ती नकाराची धास्ती आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त इलाज वेगळा आहे.

पैसा कुठून येतो ते पाहा

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. अध्यक्षांचं मनोगत आणि झाडं लावतानाचे फोटो ओलांडून पुढे जा. उत्पन्नाची विभागवार फोड, हिशेबावरच्या टिपांमधली संभाव्य देणी आणि कोर्टातली प्रकरणं, संचालकांच्या नातलगांच्या किंवा त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी झालेले व्यवहार, ऑडिटरचा अहवाल आणि रोख प्रवाहाचं पत्रक, एवढं वाचायला दोन संध्याकाळी पुरतात. ऑडिटरने मुदत संपायच्या आधी राजीनामा दिला असेल किंवा अहवालात आपलं मत सशर्त दिलं असेल (म्हणजे 'अमुक बाब सोडून हिशेब ठीक' असं म्हटलं असेल), तर त्याचं कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग कागदावर पाच वर्षांचे चार आकडे मांडा: विक्री, निव्वळ नफा, धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड आणि ग्राहकांकडून येणं असलेली रक्कम. नफा दरवर्षी चढतोय पण रोकड जागच्या जागी आहे, किंवा येणं विक्रीपेक्षा जास्त वेगाने फुगतंय, असं दिसलं तर विक्री कागदावर रंगवली जात असण्याची शक्यता आहे. शक्यताच. वाढत्या धंद्यात उधारी खरोखर वाढते, म्हणून त्याच व्यवसायातल्या दुसऱ्या कंपनीचे आकडेही शेजारी मांडा.

या तपासणीला मर्यादा आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं की सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. तिथे रोकडच खोटी होती. बाहेरून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ते दिसलं नसतं, आणि न दिसण्यात त्याचा दोषही नसता. अहवाल वाचून गचाळ कंपन्या गाळता येतात, बनवाबनवीत मुरलेल्या नाहीत.

छोट्या, न नोंदलेल्या कंपनीत किंवा स्टार्टअपमध्ये अहवाल हाती लागत नाही. तिथे एकच प्रश्न धरून ठेवा: ग्राहकाला सगळं कळलं तरी तो पैसे देईल का? उत्पन्नाचा मोठा भाग उशिराच्या दंडातून, बंद करायला विसरलेल्या वर्गणीतून किंवा बारीक टायपातल्या अटीतून येत असेल, तर तो धंदा ग्राहकाच्या चुकीवर चालतो. अशा ठिकाणी कुणी मुद्दाम वाईट वागत नसलं तरी, ग्राहक शहाणा होऊ नये अशीच प्रत्येक विभागाची सोय असते. वर्गणी सुरू करायला किती बटणं दाबावी लागतात आणि बंद करायला किती, हे घरी बसून मोजता येतं. दहा मिनिटांचं काम आहे.

टार्गेट आणि पगाराची फोड

कंपनी आपली मूल्यं म्हणून काहीही लिहो, माणसं ज्याचे पैसे मिळतात ते करतात. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एका कुटुंबाला आठ उत्पादनं विकण्याचं ध्येय होतं. ते गाठता येईना, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तोवर सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून काढले गेले होते, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बँकेने आणखी ३०० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. इतकी सगळी माणसं मुळातच लबाड निघाली असतील, हे संभवत नाही. टार्गेट असं होतं की सरळ मार्गाने ते पुरं होत नव्हतं, आणि पुरं न करणाऱ्याची नोकरी धोक्यात होती.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे का' असं म्हणतात, तेव्हा विचारायचे ते प्रश्न हे:

'पगारात कायमचा भाग किती आणि टार्गेटवर अवलंबून असलेला किती?'
'गेल्या वर्षी या टीममध्ये किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं?'
'ग्राहकाने माल परत केला किंवा तक्रार केली, तर आधी दिलेल्या इन्सेंटिव्हचं काय होतं?'
'एखादी ऑर्डर किंवा ग्राहक तुम्ही स्वतःहून नाकारल्याचं अलीकडचं उदाहरण सांगाल का?'

शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. जिथे नकार देण्याची सवय असते तिथला साहेब फारसा विचार न करता उदाहरण सांगतो, आणि त्यात बारकावे असतात. जिथे नसते तिथे 'आमच्याकडे ग्राहक सर्वांत आधी' अशा घोषणा ऐकू येतात. टीममधल्या निम्म्याहून कमी लोकांनी टार्गेट गाठलं असेल आणि पगाराचा मोठा हिस्सा त्यावर अवलंबून असेल, तर तिथे तुमच्यावरही आडमार्गाचा दबाव येईल असं धरून चाला. इन्सेंटिव्ह विक्रीच्या दिवशीच कायमचा मिळत असेल आणि नंतरच्या तक्रारीशी त्याचा संबंध नसेल, तर तो दबाव आणखी वाढतो.

प्रश्न विचारताना सूर उलटतपासणीचा नको. 'मला इथे टिकायचं आहे, म्हणून विचारतो' एवढं म्हटलं की बहुतेक लोक मोकळेपणाने बोलतात.

सोडून गेलेल्यांशी बोला

तीन ते पाच माणसं गाठा. त्यांतली निदान दोन गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेली असावीत आणि कंपनीने ओळख करून दिलेली नसावीत. कॉलेजचे सीनियर, व्यावसायिक ओळखींची संकेतस्थळं, कुणाकुणाचे भाऊ-बहिणी, असं करत माणसं मिळतात. पंधरा-वीस मिनिटांचा फोन पुरे.

'कंपनी प्रामाणिक आहे का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'बढती कोणाला मिळाली आणि त्याने काय केलं होतं?' असं विचारा. कंपनी खरोखर कशाची कदर करते ते या एका उत्तरात येतं. दुसरा प्रश्न: 'वाईट बातमी साहेबाला कोण सांगायचं, आणि सांगणाऱ्याचं पुढे काय व्हायचं?' तिसरा: 'क्वार्टरच्या शेवटच्या आठवड्यात काय चालायचं?'

सोडून गेलेला माणूस कडवट असू शकतो. म्हणून मतं बाजूला ठेवा आणि तपशील टिपा. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघा-तिघांनी तोच तपशील सांगितला तर तो धरा. एकानेच सांगितला तर नोंदवून ठेवा आणि पुढच्या फोनवर त्याचं नाव न घेता विचारून पाहा.

कुठल्या खुर्चीत कुठला दबाव

नवख्या माणसाला 'भ्रष्टाचार' म्हणजे नोटांनी भरलेली बॅग वाटते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी समोर येतात त्या गोष्टी किरकोळ आणि कंटाळवाण्या असतात, म्हणूनच ओळखू येत नाहीत.

विक्रीत: क्वार्टर संपता संपता डीलरच्या गळ्यात नको तितका माल मारायचा आणि 'पुढच्या महिन्यात परत घेऊ' असं तोंडी सांगायचं. कागदावर विक्री झालेली दिसते, खरी विक्री झालेलीच नसते. तोंडी शब्द किंवा कराराबाहेर गुपचूप दिलेलं पत्र हीच इथली खूण.

खरेदीत: नियमाप्रमाणे तीन कोटेशन लागतात, आणि तिन्ही एकाच माणसाच्या तीन कंपन्यांची असतात. पत्ता, फोन नंबर, कागदाची मांडणी, अगदी शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा सारख्या असतात. भेटवस्तू नंतर येते, आधी 'हे एवढं फाइलला लावून ठेव' येतं.

हिशेब विभागात: या महिन्याचं बिल पुढच्या महिन्यात टाकणं, चालू खर्च मालमत्ता म्हणून दाखवणं, मागची तारीख घालून सही घेणं. मार्केटिंगमध्ये: स्वतःच लिहिलेले ग्राहकांचे अभिप्राय, तुलनेसाठी मुद्दाम निवडलेला कमजोर स्पर्धक, 'शेवटचे दोनच शिल्लक' असा कधीच न बदलणारा फलक. सल्लागार कंपन्यांमध्ये: न केलेल्या तासांचं बिल, आणि ग्राहकाकडे पाठवायच्या तुमच्याच बायोडेटात फुगवलेला अनुभव. हे शेवटचं पहिल्याच महिन्यात घडू शकतं. एचआरमध्ये: कायमचं काम वर्षानुवर्षं कंत्राटी ठेवणं, आणि नको झालेल्या माणसाची कामगिरी मागाहून खराब लिहिणं.

तुमच्या खुर्चीची यादी वेगळी असेल. माजी कर्मचाऱ्यांशी बोलतानाच ती तयार करा, कारण हे नाव घेऊन विचारलं तरच लोक सांगतात.

आणि हे कंपन्यांपुरतंच आहे, असंही समजू नका. देणगीदाराला पाठवायच्या अहवालात लाभार्थ्यांचे आकडे फुगवणारी सेवाभावी संस्था आणि हजेरीपटावर खोटी हजेरी मांडणारी शाळा याच जातीच्या. धंदा टाळला म्हणजे प्रश्न टळला, असं होत नाही.

घासाघीस आणि खोटं यांतली रेघ

बहुतेक सरळ मनाच्या मुलामुलींची अडचण इथे असते. विक्रेत्याला आपली शेवटची किंमत लपवावी लागते. मग तो खोटारडा झाला का?

नाही. समोरच्यालाही ठाऊक असतं की तुम्ही शेवटचा आकडा आधी सांगणार नाही, आणि तोही सांगत नसतो. आपली तयारी, घाई, शेवटचा आकडा याबद्दल गप्प राहणं हा घासाघिशीचा भाग आहे. मालाबद्दल चुकीचं सांगणं नाही. 'याहून कमी आत्ता मला जमणार नाही' हे चालतं. पाच वर्षं टिकणार नाही हे माहीत असताना 'हे पाच वर्षं टिकतं' म्हणणं चालत नाही. 'दुसरा ग्राहक जास्त द्यायला तयार आहे' हे तो ग्राहक नसेल तर सरळ खोटं आहे, कितीही रूढ असलं तरी.

गप्प राहण्यालाही हद्द आहे. जी गोष्ट समोरच्याला साध्या पाहणीत दिसणार नाही आणि कळली तर तो व्यवहार मोडेल, ती सांगितली पाहिजे. समोरचा तुमच्याइतका जाणता नसेल, म्हातारा, आजारी किंवा घाबरलेला असेल, तर हद्द आणखी अलीकडे येते. दोन कंपन्यांच्या वकिलांत चालणारी चाल विम्याचा अर्ज भरणाऱ्या विधवेशी खेळता येत नाही.

नफ्याच्या बाजूने बोलणारे लोक अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या १९७० सालच्या लेखाचा दाखला देतात: नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. त्याच विधानात खेळाचे नियम पाळून, फसवणूक न करता, ही अट आहे. दाखला देणारे ती बहुतेक वेळा खाऊन टाकतात.

नकाराची यादी रुजू होण्याआधी करा

'मी प्रामाणिक राहीन' असा निश्चय दबावाखाली टिकत नाही, कारण त्यात कुठे थांबायचं ते लिहिलेलं नसतं. १९६३ साली प्रसिद्ध झालेला मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांचा प्रयोग याच कारणासाठी लक्षात ठेवावा. समोरच्याला विजेचे झटके देतोय असं सहभागी व्यक्तीला भासवलं जायचं. झटके १५ व्होल्टपासून सुरू होऊन १५-१५ च्या पायऱ्यांनी ४५० पर्यंत जात. ४० पैकी २६ जण शेवटच्या कळीपर्यंत पोचले. एकदम ४५० द्यायला सांगितलं असतं तर इतके तयार झाले असते असं वाटत नाही. पण ३०० देऊन झालेल्याला ३१५ ला नाही म्हणायचं तर आधीच्या ३०० बद्दल काय म्हणणार?

कंपन्यांतही पायऱ्या अशाच. सत्यमच्या त्या पत्रात, खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतल्या फरकाची सुरुवात किरकोळ होती आणि तो वर्षागणिक वाढत गेला, असं लिहिलं होतं. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीत २००२ साली उघड झालेल्या घोटाळ्यात मधल्या फळीतल्या एका हिशेबनीस बाईंना पाच महिन्यांचा तुरुंगवास झाला. खोट्या नोंदी करायला त्यांना वरून सांगितलं गेलं होतं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत प्रदूषणाची चाचणी ओळखून आकडे सुधारणारं सॉफ्टवेअर होतं. २०१५ मध्ये ते बाहेर आलं, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी न्यायालयाने कंपनीच्या एका अभियंत्याला ४० महिन्यांची शिक्षा दिली. 'साहेबांनी सांगितलं' यामुळे शिक्षा कमी होत असेल, टळत नाही. कागदावर सही ज्याची असते त्यालाच प्रश्न विचारले जातात.

यादी तीन भागांत करा आणि एका पानात बसवा. पहिल्या भागात कधीच न करायच्या पाच-सहा गोष्टी, कृती म्हणून लिहिलेल्या: मागची तारीख घालून सही करणार नाही, न पाहिलेल्या मालाच्या तपासणीवर सही करणार नाही, ग्राहकाच्या वतीने त्याच्या परवानगीविना फॉर्म भरणार नाही, दुसऱ्याच्या लॉगिनने नोंद करणार नाही, माझा अनुभव फुगवून पाठवू देणार नाही. दुसऱ्या भागात, करण्याआधी थांबून विचारायच्या गोष्टी: तोंडी अपवाद, नेहमीपेक्षा वेगळ्या मार्गाने पैसे देणं, 'ईमेलवर नको, फोनवर बोल' अशी सूचना. तिसऱ्या भागात, आवडत नाहीत पण चालतील अशा. हा भाग रिकामा ठेवू नका. तो रिकामा असेल तर तुम्ही नावडतं आणि चुकीचं यांत फरक करत नाही, आणि दोन महिन्यांत थकून सगळंच सोडून द्याल किंवा सगळंच करू लागाल. कंटाळवाणी प्रेझेंटेशनं, जरा जास्त उत्साही जाहिरात, न पटणारा पण कायदेशीर दर, हे तिसऱ्या भागात जाऊ शकतं.

यादी घरच्या किंवा मैत्रीतल्या एका माणसाला वाचून दाखवा. पुढे रेघ सरकवायचा मोह झाला की त्या माणसाला तोंड द्यावं लागेल, हाच त्यातला फायदा.

'नाही' म्हणायला लागणारे पैसे

बहुतेक मार्गदर्शनात हा भाग नसतो, आणि बहुतेक माणसं अडकतात ती इथेच. गैर वाटणारं काम माणूस करतो ते पुष्कळदा पटलं म्हणून नाही, हप्ता चुकेल म्हणून.

महिन्याचा न टाळता येणारा खर्च काढा: राहणं, खाणं, प्रवास, घरी पाठवायचे पैसे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता. त्याची सहापट ही तुमची सुटकेची रक्कम. ती जमेपर्यंत नवा हप्ता सुरू करू नका. खर्चाचं गणित फक्त कायमच्या पगारावर मांडा. टार्गेटवरचे पैसे मिळाले तर थेट या रकमेत टाका. सगळे हप्ते मिळून कायमच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेले की 'नाही' म्हणणं अवघड होत जातं.

ऑफर लेटरमध्ये चार गोष्टी अधोरेखित करा. जॉइनिंग बोनस अमुक महिन्यांच्या आत सोडल्यास परत करायचा आहे का? असेल तर ती मुदत संपेपर्यंत त्याला हात लावू नका, ते पैसे अजून तुमचे नाहीत. प्रशिक्षणाचा बाँड आहे का, किती रकमेचा? नोटीस किती दिवसांची, आणि पैसे भरून ती कमी करता येते का? सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाण्यावर बंदी आहे का? ही बंदी कितपत लागू होते ते देशादेशाच्या कायद्यावर ठरतं, म्हणून मोठी अट दिसली तर सही करण्याआधी वकिलाला एकदा कागद दाखवा. त्याची फी बाँडपेक्षा कमीच असेल.

प्रसंग आलाच तर

पहिलं काम वेळ मिळवणं. 'कागद पाहून संध्याकाळपर्यंत सांगतो' म्हणायला काही हरकत नसते. चुकीची सूचना पुष्कळदा घाईच्या पोटी आलेली असते, आणि चार तासांत ती मागेही घेतली जाते.

दुसरं, आरोप न करता प्रश्न विचारा. 'सर, ही तारीख मागची आहे, ऑडिटला हे कसं समजावायचं?' असं विचारलं की साहेबाला मागे सरकायला जागा मिळते. 'हे खोटं आहे' म्हटलं की त्याला स्वतःचा बचावच करावा लागतो. शिवाय कधी कधी खरंच तुम्हाला माहीत नसलेलं रास्त कारण असतं. नवख्याला सगळी प्रक्रिया ठाऊक नसते.

तिसरं, पर्याय घेऊन जा. 'मागची तारीख नको, आजची घालून उशिराचं कारण टिपेत लिहितो.' कामच अडवणारा माणूस डोळ्यांत खुपतो, रस्ता बदलून काम पूर्ण करणारा कमी खुपतो.

चौथं, सूचना लेखी मागा. सरळ मागणं जड जात असेल तर बोलणं झाल्यावर स्वतःच दोन ओळींचा ईमेल पाठवा: 'आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक करायचं आहे, माझा समज बरोबर आहे ना?' यानंतर बऱ्याच सूचना विरून जातात.

तरीही रेटा आला तर स्पष्ट नकार द्या, आणि त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण काय म्हणालं याची स्वतःच्या वहीत नोंद करा. नोंद तुमच्या आठवणींची असावी. कंपनीच्या फाइली स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. ही चूक फार जण करतात, आणि मग चौकशी मूळ गैरप्रकाराऐवजी त्यांच्याच गोपनीयताभंगाची होते. त्यानंतर साहेबाच्या वरचा माणूस, अंतर्गत ऑडिट किंवा तक्रारीची अधिकृत यंत्रणा, या क्रमाने जा. साहेबाचा वरिष्ठच सामील वाटत असेल तर ती पायरी गाळा. सहकाऱ्यांमध्ये आधी चर्चा नको, कारण बातमी तुमच्याआधी पोचते. बाहेर, म्हणजे नियामकाकडे किंवा पत्रकाराकडे जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच. तक्रारदाराला मिळणारं कायद्याचं संरक्षण बऱ्याच ठिकाणी ठरावीक यंत्रणेकडे ठरावीक रीतीने तक्रार केली तरच मिळतं.

आत तक्रार केली म्हणजे सगळं सुरळीत होतं, असं नाही. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या एका उपाध्यक्षांनी ऑगस्ट २००१ मध्ये हिशेबातल्या गडबडीबद्दल अध्यक्षांना लेखी इशारा दिला होता. २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तीन नेहमीच्या समजुती

'आत जाऊन बदल घडवीन.' पहिल्या दोन वर्षांत स्वतःच्या टेबलावरचं काम बदलता येतं, कंपनीचं धोरण नाही. तरी जायचं असेल तर मुदत आणि खूण लिहून ठेवा: अठरा महिन्यांत अमुक एक गोष्ट माझ्या हातात आली नाही तर मी दुसरीकडे अर्ज करीन. मुदत नसेल तर ही समजूत निवृत्तीपर्यंत पुरते.

'खूप कमवीन आणि दान करीन.' टक्केवारी आजच ठरवा आणि पहिल्या पगारापासून द्यायला लागा. नंतर देऊ म्हणणाऱ्यांचा खर्च पगाराबरोबर वाढतो. आणि ज्याला तुमच्या कामाने झळ बसली आणि ज्याला दान मिळालं ती दोन वेगळी माणसं असतात, त्यामुळे हिशेब जुळत नाही.

'मी नाही केलं तर दुसरा करेल.' यात थोडं तथ्य आहे: तुमच्या नकाराने जगातलं नुकसान कदाचित तेवढंच राहील. पण सही तुमची नसेल.

सोडताना

राजीनाम्याच्या पत्रात आरोप लिहू नका. तारीख, नोटीस आणि काम सोपवण्याची तयारी एवढंच पुरे. गैरप्रकाराची तक्रार करायची असेल तर ती वेगळ्या कागदावर, अधिकृत यंत्रणेकडे, आणि शक्यतो राजीनाम्याच्या आधी. अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या आणि भविष्य निधीसारख्या रकमांचे कागद नोटीस सुरू असतानाच मागून घ्या. पुढच्या मुलाखतीत 'का सोडलं' असं विचारतीलच. जुन्या कंपनीची धुणी तिथे धुवू नका. 'काम करण्याच्या काही पद्धती मला जमल्या नाहीत, आत बोललो, फरक पडला नाही, म्हणून निघालो' असं म्हणा आणि थांबा. पुढचा प्रश्न ते काय विचारतात ते ऐका. या कंपनीला अशी माणसं हवी आहेत की नाही, ते त्यावरून कळेल.